डिजिटल लॉगबुक भरताना एवढं जपा!

फ्लाइंग शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, लॉगबुकमधलं प्रत्येक मिनिट तुमच्या मेहनतीचं आहे, म्हणून ते नीट उतरवा.

सर्वात जास्त घोळ होतो वेळेचा. उड्डाण १ तास २० मिनिटांचं होतं आणि तुम्ही १.२० असं टाकलंत, तर दशांशात मोजणारं ॲप ते १ तास १२ मिनिटं धरतं. आठ मिनिटं गेली! भारतात सीपीएलसाठी २०० तास लागतात. अशी गळती परवडणारी नाही. त्यामुळे १:२० हीच पद्धत ठेवा आणि ॲपच्या सेटिंगमध्येही तीच निवडा.

दुसरं म्हणजे यूटीसी. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे असतात. ५ मार्चला पहाटे ३:१० ला मुंबईहून निघालेलं विमान यूटीसीत ४ मार्चला २१:४० ला निघालेलं असतं. वेळ बदलली, पण तारीख तशीच राहिली, की नोंद चुकलीच. तारीखही वर्ष आधी ठेवून लिहा: २०२५-०३-०४. नाहीतर एक्सेल कधी कधी ४ मार्चचा ३ एप्रिल करून टाकतं.

विमानतळासाठी चार अक्षरी आयकाओ कोड वापरा: मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ. विमानाचं रजिस्ट्रेशन दरवेळी एकाच पद्धतीने लिहा. मधली रेघ कधी आहे, कधी नाही, असं झालं तर एकच विमान यादीत दोनदा दिसतं.

आणि हो, नोंद त्याच दिवशी करा, फाइलची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा.