विजेच्या तारेतून इंटरनेट : अडले तर काय करावे?



आजचे युग विज्ञानाचे आहे, असे आपण नेहमी म्हणतो. आपल्यापैकी कोणाचा मुलगा फ्रान्समध्ये, कोणाची मुलगी इंग्लंडात, तर कोणाचा पुतण्या अमेरिकेत आहे. रविवारी आजी पडद्यासमोर बसते, नातू दिसतो आणि बोलता बोलता चित्र थांबते. दोष नेहमी इंटरनेट पुरवणाऱ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच घरात असतो.

१९६० च्या कॅरोल चक्रीवादळानंतर आपल्या बेटावर काँक्रीटची घरे वाढली. ही घरे वाऱ्यापासून आपले रक्षण करतात. पण राऊटरच्या लहरींनाही त्याच भिंती अडवतात. अमेरिकेत घरे बहुधा लाकडाची असली, तरी ती मोठी असतात आणि अनेकांच्या खाली तळघर असते. तेथेही हीच अडचण येते. यावर एक उपाय म्हणजे पॉवरलाइन ॲडॅप्टर. एक डबी राऊटरजवळच्या प्लगमध्ये आणि दुसरी दूरच्या खोलीत लावायची. घरातील विजेची तारच मग इंटरनेटची तार होते.

या कामासाठी २००० साली अमेरिकेत होमप्लग नावाची कंपन्यांची संघटना स्थापन झाली. २००१ च्या पहिल्या नियमानुसार वेग सेकंदाला १४ मेगाबिट होता. २००५ च्या नियमात तो २०० झाला. वीज तेथे सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपल्याकडे ५० वेळा. ॲडॅप्टरचा संदेश मात्र सेकंदाला लक्षावधी वेळा हेलकावतो, म्हणून एकाच तारेत दोघे सुखाने नांदतात.

आता तपासणी. शाळेत आम्ही मुलांना सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण सापडते. येथेही तेच करावे.

प्रथम संगणक तारेने थेट राऊटरला जोडून वेग पाहा. तेथेच वेग कमी असेल, तर ॲडॅप्टरचा दोष नाही.

नंतर दोन्ही ॲडॅप्टर एकाच खोलीत, जवळजवळच्या प्लगांत लावा. तेथेही जुळले नाहीत, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दोन्हींची जोडणीची बटणे दाबा. जवळ चालतात पण दूर चालत नाहीत, तर ॲडॅप्टर चांगले आहेत. अडचण तारांत आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट, ॲडॅप्टर थेट भिंतीच्या प्लगमध्येच लावावा. अनेक प्लगांची पट्टी, विशेषतः विजेच्या झटक्यापासून वाचवणारी, संदेश गिळून टाकते.

चौथी गोष्ट म्हणजे गोंगाट. फोनचे चार्जर, काही एलईडी दिवे, केस वाळवण्याचे यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर हे तारेत गोंगाट करतात. ते एकेक करून बंद करावेत. एखादे बंद करताच वेग वाढला, तर चोर सापडला! ते उपकरण दुसऱ्या प्लगवर न्यावे.

पाचवी गोष्ट अमेरिकेतील घरांची. तेथे घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात. मोठी शेगडी दोन्हींवर मिळून २४० व्होल्टवर चालते. १९७८ साली तेथे एक्स-१० नावाचे, तारेतून दिवे लावणारे साधन विक्रीस आले. त्याचा संदेश कधी कधी शेगडी चालू असतानाच दुसऱ्या बाजूस पोहोचे! आजचे ॲडॅप्टर बहुधा ही दरी ओलांडतात, पण वेग घटतो. आपल्याकडे ज्यांच्या घरी तीन फेजची वीज आहे, त्यांनी हाच विचार करावा आणि दुसरा प्लग वापरून पाहावा. विजेची पेटी मात्र स्वतः उघडू नये; ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

अमेरिकेहून कोणी अशी जोडी भेट आणली, तर आधी तिच्यावरील अक्षरे वाचावीत. १०० ते २४० व्होल्ट लिहिले नसेल, तर आपल्या २३० व्होल्टवर ती मुळीच लावू नये.

खोक्यावरील मोठ्या आकड्यावरही भुलू नये. तो कागदावरचा वेग असतो. प्रत्यक्षात त्याचा थोडा भागच हाती लागतो. तारा शेजाऱ्याशी जोडलेल्या असू शकतात, म्हणून बटणाने जोडीला स्वतःची गुप्त किल्ली द्यावी.

साऱ्या शहराला विजेच्या तारेतून इंटरनेट देण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला. व्हर्जिनिया राज्यातील मॅनासस शहराने तो २००५ साली सुरू केला. हौशी रेडिओवाल्यांनी आपल्या लहरींत अडथळा येतो अशी तक्रार केली. २०१० साली शहराने ती सेवा बंद केली. घरात जे उपयोगी पडते, ते गावभर चालेलच असे नाही.

हे सारे करूनही वेग मिळाला नाही, तर साधी इंटरनेटची तार भिंतीकडेने टाकून घ्यावी. एकदा खर्च होतो, पण काम पक्के होते. नवे सामान विकत घेण्यापूर्वी मात्र वरील तपासण्या मुलांना सोबत घेऊन कराव्यात. पैसा वाचेल, मुलांना विज्ञानाचा धडा मिळेल आणि परदेशातील आपल्या माणसांशी मराठीत दोन शब्द न अडखळता बोलता येतील.