हौशी शेतकऱ्याचा गाडा मैदानात राहावा म्हणून…

चोर्ला घाट चढून बेळगावकडे जाणाऱ्या गोमंतकीयाला सुगीनंतरचे शिवार ओळखीचे असते. भात कापून झालेले असते आणि बांधाच्या कडेला गवताच्या गंज्या उभ्या असतात. बेळगावच्या पश्चिमेला बेळगुंदी, सोनोली, यळेबैल, राकसकोप, बिजगर्णी ही गावे या दिवसांत थोडी उसंत घेतात. भात आणि रताळी घरात आली की जत्रांचा हंगाम लागतो आणि जत्रेबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींचाही. बेळगाव, खानापूर आणि चंदगडच्या पट्ट्यात या शर्यतीचा एक खास प्रकार आहे. गावकरी त्याला 'खाली गाडा पळविणे' म्हणतात. खाली म्हणजे रिकामा.

या शर्यतींचे निकाल वृत्तपत्राच्या टेबलावर येतात तेव्हा त्यांत फूट आणि इंच असतात. वरवर पाहता ही जत्रेची किरकोळ बातमी वाटते. मात्र तिच्यामागे जगभरच्या हौशी शर्यतींना पडलेला प्रश्न आहे. ज्याचे वाहन आठवडाभर कामाला असते, त्याला रविवारी मैदानात उतरणे परवडत राहील काय? बक्षिसाचा आकडा फुगतो आहे, जातिवंत बैलाची किंमत लाखांत बोलली जाते आहे. अशा वेळी शेतीच्या बैलांवर हौस भागविणारा शेतकरी मैदानाबाहेर ढकलला जाण्याचा धोका खरा आहे.

एका वेळी एकच गाडा

बैलगाडी शर्यतीचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात. पुणे जिल्ह्यात चढाचा 'घाट' असतो. ठरलेले अंतर किती सेकंदांत कापले, ते घड्याळावर मोजतात. सांगली-सातारा भागात अनेक छकडे एकाच वेळी सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा पायऱ्यांनी विजेता ठरतो. खाली गाड्याची रीत याच्या उलट आहे. वेळ ठरलेली असते, बहुधा एक मिनिट, आणि मोजले जाते ते अंतर. इशारा होताच जोडी सुटते, वेळ संपल्याची खूण होते आणि गाडा जिथवर पोहोचला तिथवर टेप लावला जातो. एका वेळी मैदानात एकच जोडी असते.

ही रीत साधी दिसते, पण खर्चाच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. सहा-सात छकडे शेजारीशेजारी पळवायचे तर रुंद मैदान लागते, प्रत्येक गाड्यासाठी वेगळी तास आखावी लागते, पंचांची मोठी फळी उभी करावी लागते. गाडा गाड्यात घुसण्याचे भय असते ते वेगळेच. एकेरी पळतीत हे काहीच लागत नाही. सुगीनंतर मोकळे झालेले सलग शेत, एक घड्याळ, एक टेप आणि गावाचा विश्वास असलेले चार पंच एवढ्यावर काम भागते. प्रत्येक जोडीला तयारीसह पाच मिनिटे धरली, तर साठ जोड्या पाच तासांत पळून होतात. सकाळी सुरू झालेली शर्यत दुपार कलण्यापूर्वी संपते आणि बैल दिवसाउजेडी गोठ्यात परततात.

आणखी एक गोष्ट घडते. शेजारच्या गाड्याशी झुंज नसल्याने हरणाऱ्याला आपले मोजमाप मिळते. यंदा आपली जोडी पंधराव्या क्रमांकावर राहिली, तरी गेल्या वर्षापेक्षा चाळीस फूट पुढे गेली, हे समाधान घेऊन तो घरी जातो. हौशी खेळाला जिवंत ठेवणारी गोष्ट नेमकी हीच असते.

ट्रकच्या शर्यतीने शिकविलेले

ओझे वाहणाऱ्या वाहनाची शर्यत ही काही केवळ आपल्याकडची हौस नाही. ब्रिटनमध्ये डॉनिंग्टन पार्क येथे १९८४ साली ट्रकच्या शर्यती सुरू झाल्या. एरवी माल वाहणारी वाहने आणि ती चालविणारी माणसे मैदानात उतरली व प्रेक्षकांनी गर्दी केली. पुढे यंत्रशक्ती वाढत गेली. आज युरोपीय अजिंक्यपद शर्यतीतील ट्रक पाच टनांहून जड आणि हजार अश्वशक्तीच्या पुढचा असतो. असा ट्रक पुन्हा माल वाहायला जात नाही. तो केवळ शर्यतीसाठीच बांधलेला असतो.

पण खेळाच्या चालकांनी दोन बंधने घातली. पहिले वेगाचे. ट्रकने ताशी १६० किलोमीटरची मर्यादा ओलांडली की शिक्षा होते. त्यामुळे केवळ अधिक ताकदीचे इंजिन बसवून सरळ रस्त्यावर पुढे निघून जाता येत नाही. वळणावरचे कौशल्य निर्णायक ठरते. दुसरे बंधन वर्गवारीचे. ब्रिटनमध्ये दोन विभाग ठेवले गेले. अधिक ताकदीचे ट्रक पहिल्या विभागात, कमी ताकदीचे व नवख्यांचे दुसऱ्यात. दुसऱ्या विभागातला चालक पहिल्याशी पैशाची बरोबरी करायला जात नाही. आपल्या बरोबरीच्यांशी लढतो.

भारतात टाटा मोटर्सने २०१४ ते २०१७ या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 'टी१ प्रायमा' ही ट्रक शर्यत भरविली. तिथे सगळ्यांना एकाच बनावटीचे ट्रक होते आणि २०१६ पासून भारतीय ट्रकचालकांसाठी स्वतंत्र शर्यत ठेवण्यात आली. वाहन सारखे, म्हणजे फरक चालकाचा. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर कार्टिंग पाहिलेल्यांना हे तत्त्व ठाऊक असेल. इंजिन आणि टायर सर्वांना सारखे ठेवले की बापाच्या खिशापेक्षा मुलाचा हात महत्त्वाचा ठरतो.

दातांवरून वर्ग

आपल्या बैलगाडी शर्यतींना वर्गवारीसाठी परक्या धड्याची गरज नाही. बैलाचे वय दातांवरून ओळखण्याची जुनी विद्या इथे आहे. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, पुढचे दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा आणि सगळे आठ आलेला तो जुळलेला. बैलाला पहिले दोन पक्के दात साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि जुळायला साडेचार-पाच वर्षे लागतात. निपाणी, चिकोडी, कागल पट्ट्यातल्या शर्यतींत आदत, दुसा, चौसा आणि जनरल असे गट त्यावरूनच पडतात.

या गटांचा आर्थिक अर्थ मोठा आहे. जनरल गटात जिंकायचे तर सिद्ध झालेला बैल हवा, म्हणजे लाखांची गोष्ट आली. आदत गटात मात्र गोठ्यातल्या गाईचे खोंड उतरविता येते. ज्याने ते वाढविले, त्याच्या निगराणीची ती परीक्षा असते. खिल्लार जातीचा सांभाळ या भागात ज्या घरांनी केला, त्यांच्यातली अनेक घरे लहान जमिनीची आहेत. चिंचलीच्या मायाक्का जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथे चांगल्या खोंडाला गिऱ्हाईक मिळते ते शर्यतीच्या नादामुळेच. ट्रॅक्टर बांधावर आल्यापासून बैलाला कामाचे दिवस कमी उरले. शर्यत बंद पडली किंवा श्रीमंतांपुरती उरली, तर खोंड वाढविण्याचे कारणच संपते.

याच विचाराने आणखी दोन गट ठेवता येतील. एक पंचक्रोशीचा, म्हणजे आसपासच्या गावांतल्या जोड्यांपुरता. दुसरा नांगराच्या बैलांचा, म्हणजे ज्या जोडीने त्या वर्षी शेतात काम केले आहे तिचा. गावात कोणाचा बैल काम करतो आणि कोणाचा केवळ बदाम-तुपावर पोसला जातो, हे पंचांना सांगावे लागत नाही. आयोजकांनी एकच गाडा सर्वांना जुंपायला दिला, तर हलक्या गाड्यावर होणारा खर्चही वाचेल आणि मोजमापाबद्दल तक्रारीला जागा राहणार नाही.

बक्षीस किती मोठे असावे?

२०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे झालेल्या शर्यतीत जेसीबी आणि बोलेरो गाडी बक्षिसाला होती. पुढे सांगली जिल्ह्यात 'थार' लागली. अशा शर्यतीला लाखाची गर्दी जमते, गावाचे नाव होते, हे खरे. पण बक्षीस मोठे झाले की बैलावर तेवढाच पैसा लावणारा माणूस पुढे येतो. त्याने पैसा लावला की बैलाचा भाव चढतो आणि गेल्या वर्षी तिसरा आलेला शेतकरी यंदा नाव नोंदवायलाही येत नाही. मोठ्या बक्षिसामागून पैज येते. पैजेमागून बैलाला मारहाण येते.

हिशोब करून पाहू. समजा, पन्नास जोड्या उतरल्या, प्रत्येकी पाचशे रुपये प्रवेश फी जमली आणि देणग्या धरून बक्षिसांचा निधी साठ हजार रुपये झाला. तो तीस, वीस आणि दहा हजार असा तिघांत वाटला, तर सत्तेचाळीस जोड्या रिकाम्या हाताने परततात. त्याऐवजी पहिल्याला दहा, दुसऱ्याला सात आणि तिसऱ्याला पाच हजार दिले, तर बावीस हजार खर्च होतात. चौथ्यापासून विसाव्यापर्यंतच्या सतरा जोड्यांना प्रत्येकी दोन हजार दिले, तर आणखी चौतीस हजार. उरलेले चार हजार सर्वांत निगुतीने राखलेल्या जोडीला देता येतील. पैसा तितकाच लागतो, पण एकवीस घरी काहीतरी पोहोचते. बैल टेम्पोत घालून आणण्याचे भाडे निघाले, की तो शेतकरी पुढच्या वर्षी नक्की येतो. काही गावांत वीस-पंचवीस क्रमांकांपर्यंत बक्षिसे देण्याची रीत आहे. तिच्यामागचे व्यवहारज्ञान हेच.

कायद्याची चौकट

हा खेळ एकदा बंद पडला होता, हे विसरता येत नाही. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. कर्नाटकाने २०१७ साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून कंबळ आणि बैलगाडी शर्यतींना वाट दिली. राष्ट्रपतींची संमती मिळून २०१८ मध्ये ती अमलात आली. महाराष्ट्राची दुरुस्ती मात्र मुंबई उच्च न्यायालयात अडली आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर तिथल्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

सीमाभागात याचा अर्थ असा, की बेळगुंदीचा गाडा चंदगडला गेला किंवा निपाणीचा कागलला, तर राज्य बदलते आणि परवान्याचे कागदही बदलतात. महाराष्ट्राच्या नियमांत शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आयोजकाची अनामत आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी या अटी आहेत. काठी, चाबूक वा विजेचा धक्का यांना मनाई आहे. लहान गावाला हे जड वाटते. पण तीन-चार गावांच्या समित्यांनी एकत्र येऊन हंगामाचे वेळापत्रक ठरविले, तर पशुवैद्यक, पंच आणि साहित्य यांचा खर्च वाटून घेता येईल आणि एकाच रविवारी दोन मैदाने भरण्याची चढाओढही टळेल.

गोव्यातील वाचकाला या ठिकाणी धिरयोची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली तिच्यावर बंदी आणली आणि ती कायदेशीर करण्याची मागणी अधूनमधून विधानसभेपर्यंत पोहोचते. दोन्ही खेळ सारखे नव्हेत. धिरयोत बैलाने बैलाला जखमी करणे ओघानेच येते. खाली गाड्यात तशी गरज नसते. पण म्हणूनच तिथे पडणारा चाबकाचा प्रत्येक फटका अक्षम्य ठरतो. न्यायालयाने दिलेली मुभा वेदना टाळण्याच्या अटीवर आहे. ती अट मोडली, तर सर्वांचा खेळ पुन्हा धोक्यात येतो.

खर्च आणि करुणा यांची सांगड इथे आपोआप बसते. ज्या शर्यतीत बक्षीस माफक, गट नेमके आणि गाडा सारखा असतो, तिथे बैलाला मारून मिळवावे असे काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बैलाला नांगराला जुंपायचे असते. त्याला जपणे मालकाच्याच हिताचे असते. मैदानात कामाचे बैल जितके अधिक उतरतील, तितका हा खेळ सुरक्षित राहील. यंदाच्या जत्रेसाठी समितीची बैठक बसेल तेव्हा पहिला प्रश्न बक्षिसाच्या रकमेचा निघेल. त्याआधी गेल्या वर्षी आलेल्या किती जोड्या यंदा पुन्हा येणार आहेत, एवढे मोजून पाहावे.