न शिजणारी डाळ आणि बंबातला पांढरा थर



आमच्या शेतकी विभागात सभासद पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात. "ठिबक चोकअप होतंय, पाणी तपासून द्या," अशी मागणी असते. मध्यंतरी असेच एक सभासद सपत्नीक आले. त्यांचं काम झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, ह्याच पाण्यात आमची डाळ शिजंना, साबणाला फेस येईना. त्याचं काय करायचं?" कधीपासून, असं आम्ही विचारलं. "बोअर घेतल्यापासनं. चार वर्षं झाली." ठिबकची तक्रार महिन्यात ऑफिसात पोचली, चुलीपाशी असलेली तक्रार पोचायला चार वर्षं गेली! म्हणून हा लेख.

पाणी जड का होते?

जमिनीतून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. यालाच शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. हे क्षार साबणाशी मिळून चिकट साका करतात, डाळीचे साल आणि दाणा मऊ होऊ देत नाहीत, आणि पाणी तापले की भांड्याला पांढरा थर धरतात. आपल्या कारखान्याच्या बॉयलरला विहिरीचे पाणी तसेच कधी घालत नाहीत, ते याच कारणाने. नळ्यांना थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, इंधन जास्त लागते आणि नळी जळते. घरच्या बंबात आणि गिझरात हेच घडते. फक्त तिथे लाकूड आणि वीजबिल कोणी मोजत नाही.

घरच्या घरी ओळख

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे, दुसरीत घरचे पाणी अर्धे भरा. साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. जिथे फेस कमी आणि साका जास्त, ते पाणी जड. पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. नेमका आकडा प्रयोगशाळेतच कळेल.

काय करावे?

तुरटीने गढूळ पाणी निवळते, जडपणा जात नाही. फडक्याने गाळूनही जात नाही. पाणी दहा मिनिटे खळखळ उकळून, थंड करून, वरचे निवळ ओतून घेतले तर काही जडपणा खाली बसतो. सगळा जात नाही, आणि सरपण लागते. म्हणून एवढा खटाटोप पिण्या-रांधण्याच्या पाण्यापुरताच करावा.

डाळ आधी भिजत घाला. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच टाका. खाण्याचा सोडा घातलाच तर चिमूटभर. जास्त घातल्यास जीवनसत्त्वे नासतात. कपड्यांसाठी बादलीत आधी धुण्याचा सोडा विरघळवा, थोडा वेळ थांबा, मग साबण लावा. साबण कमी लागेल. रेशमी-लोकरी कपड्यांना मात्र सोडा नको.

बंबाच्या थरावर हातोडी चालवू नका. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व टाकून अर्धा तास ठेवा, खळबळून ते पाणी फेकून द्या. ठिबकला देतो ते ॲसिड घरच्या भांड्यांना वापरू नये.

सगळ्यात मऊ पाणी आकाशातून येते. ५० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होते. पहिला पाऊस वाहू द्या, मग झाकणाच्या टाकीत साठवा. २,००० लिटरची टाकी रोज २० लिटरप्रमाणे शंभर दिवस रांधायला पुरते. पिण्यासाठी मात्र उकळून घ्या.

आरओ मशीन जडपणा काढते, पण बरेच पाणी वाया घालवते. ते पाणी शौचालयाला, फरशीला वापरा. रोपांना घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

एक धोक्याची गोष्ट

चवीला खारट-मचूळ पाणी आणि जड पाणी, या दोन वेगळ्या गोष्टी. तिसरी गोष्ट तर चवीला कळतच नाही: नायट्रेट. उसाला युरिया जास्त टाकून वर पाट भरून पाणी दिले की नायट्रेट विहिरीत उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. अशा पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाला घातक ठरते. हा दोष आपल्याच शेतातून येतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

म्हणून एकच विनंती. पुढच्या वेळी ठिबकसाठी बाटली भराल, तेव्हा एक बाटली घरच्या पाण्याचीही भरा. पंप काही मिनिटे चालू द्या, बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. आणि बाटली भरण्याआधी घरात एकदा विचारा, "डाळ शिजती का?"