बिटकॉइन व साखळीची वही

गेल्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी गणेशगुडीस घरी आला होता. मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम दरमहा दहा टक्के देणाऱ्या 'बिटकॉइन'च्या योजनेत घालावी काय, असे त्याने विचारले. त्यास जे सांगितले, तेच आम्ही सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आपल्या ट्रस्टची रोजकीर्द चिटणीसांच्या कपाटात असते. आता अशी कल्पना करा, की तीच वही प्रत्येक सभासदाच्या घरी आहे, आणि वर्गणी जमा होताच सर्व वह्यांत एकच नोंद होते. पान भरले, की त्यावरील मजकुरावरून गणिताने एक खुणेचा आकडा काढून तो पुढील पानाच्या माथ्यावर लिहितात. मागे कोणी एक शून्य वाढविले, तर आकडा जुळत नाही व लबाडी उघडी पडते. संगणकांत ठेवलेल्या अशा पानांच्या साखळीस 'ब्लॉकचेन' म्हणतात.

या वहीवर चालणारे पहिले चलन म्हणजे बिटकॉइन. सातोशी नाकामोतो असे नाव घेणाऱ्या कोणा अज्ञाताने २००८ साली त्याची योजना मांडली. ३ जानेवारी २००९ रोजी पहिले पान लिहिले गेले. सुमारे दहा मिनिटांस एक पान होते. गणिती कोडे प्रथम सोडविणारा संगणक ते लिहितो व बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवितो. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत. मात्र त्यामागे ना सरकार, ना सोने. घेणारा आहे तोवरच किंमत. गुप्त किल्ली हरवली, तर दाद मागावयास बँकही नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांवर घातलेले बंधन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दूर केले. २०२२ पासून अशा व्यवहारातील नफ्यावर तीस टक्के कर आहे. परंतु कर घेतला म्हणजे सरकारने हमी दिली, असे नव्हे. रिझर्व्ह बँकेचा 'डिजिटल रुपया' ही निराळी गोष्ट होय.

'गेनबिटकॉइन' योजनेतही दरमहा दहा टक्क्यांचेच आमिष होते. पुढे फसवणुकीच्या तक्रारी झाल्या आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखास अटक केली. तेथे साखळीची वही खोटी नव्हती. वहीबाहेर दिलेले वचन फसवे होते.

म्हणून ही विद्या टाकाऊ ठरत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली जातीचे दाखले अशा साखळीवर नोंदविण्याचे काम हाती घेतले गेले. सुपा धरणात ज्यांची घरे बुडाली, त्या आमच्या भागातील कुटुंबांस कागदाचे मोल सांगावयास नको. तथापि पहिली नोंदच खोटी असेल, तर साखळी ते खोटेही तितक्याच निष्ठेने जपते. वही कशीही असो, लिहिणारा प्रामाणिक हवा.

आमच्या विद्यार्थ्याने ती रक्कम पोस्टात ठेवली. लेकीच्या लग्नाचा पैसा ही अमानत. ती जुगारास लावू नये, इतकेच आमचे सांगणे.