जबलपूर : दोघांची अडीच दिवसांची सुट्टी

आजच्या भागात मी तुम्हाला जबलपूरला घेऊन जाणार आहे. सहल अगदी साधी होती. आम्ही दोघंच, हातात अडीच दिवस, डिसेंबरची थंडी. ना लग्नकार्य, ना कुणाची भेट. फिरायचं, खायचं आणि परत यायचं.

निघण्याआधी मात्र घरात एक वाद झाला. आमच्या ह्यांनी सतरा ठिकाणांची यादी केली होती. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय आणि जबलपूर म्हणजे घाट, टेकड्या, किल्ला, म्हणजे सगळीकडे पायऱ्या. मी म्हटलं, "अहो, या यादीत मी कुठे बसते?" मग आम्ही एक नियम ठरवला, की दिवसाला चढ एकच. तो कुठला, हे मी ठरवणार. बाकी ठिकाणी सपाटीवरून जे दिसेल ते पाहायचं आणि उरलेला वेळ खाण्यासाठी ठेवायचा. हा नियम तुम्हीही लिहून घ्या. आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर नक्कीच.

गाडी आणि ग्वारीघाट

आम्ही नाशिकरोडहून हावडा मेल पकडली. भुसावळ, इटारसी करत ती जबलपूरला जाते. या मार्गाचं महत्त्व थोडक्यात सांगते. मुंबईकडून जी.आय.पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून ईस्ट इंडियन रेल्वे, असे दोन कंपन्यांचे रूळ जबलपूरला येऊन जुळले. ७ मार्च १८७० रोजी मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग सुरू झाला, तो इथेच. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याच्या कादंबरीत पैज लागते, तीसुद्धा हिंदुस्थानातल्या याच रेल्वेमार्गाच्या बातमीवरून. फलाटावर उतरल्यावर ह्यांनी हे सगळं मला ऐकवलं. मी त्या वेळी हमाल शोधत होते.

पहिल्या संध्याकाळी ग्वारीघाट. ऑटो थेट घाटाजवळ जाते, उतरायच्या पायऱ्याही फार नाहीत. नदीच्या पात्रातच नर्मदेचं छोटं मंदिर आहे आणि अंधार पडताना आरती होते. गर्दी असते, पण बसायला पायरी मिळते.

आमच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांतली एक जोडी बसली होती. हातात काठी, पाठीला पडशी. चार शब्द बोलले तर चक्क मराठी निघाले, परिक्रमेला निघालेले. नर्मदा परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं असतं आणि पात्र ओलांडायचं नसतं. म्हणजे आम्ही दुसऱ्या दिवशी ज्या नावेत हौसेनं बसणार होतो, ती त्यांना वर्ज्य. त्या बाई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या असतील. मी त्यांना गुडघ्यांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "दुखतात की! पण आम्ही हळू चालतो. घाई कुणाला आहे?" ह्यांनी खिशातली यादी काढली आणि पुन्हा आत ठेवली. मी बघितलं, पण बोलले नाही.

भेडाघाट : चढ कुठला निवडायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पोहे-जिलेबी. आपल्या कांदेपोह्यांची सवय असेल तर एक सांगते, इथे पोह्यांवर शेव भरपूर असते आणि गरम जिलेबी त्याच बशीत येते. जिलेबी आधी खायची की नंतर, याचा विचार करू नका. आलटूनपालटून खायची.

भेडाघाट शहरापासून साधारण वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे पाहायच्या गोष्टी तीन : धुवांधार धबधबा, चौसष्ट योगिनी मंदिर आणि संगमरवरी खडकांमधला नौकाविहार.

धुवांधारला रोपवे आहे. तो घेतला की गुडघा वाचतो आणि दरी वरून दिसते. पाणी इतक्या जोरात खाली आदळतं की तुषारांचा धूर होतो, म्हणून नाव धुवांधार. अनेकांना वाटतं की भर पावसात तो जास्त सुंदर दिसत असेल. उलट आहे. नदीला मोठा पूर आला की खालची पातळी एवढी चढते की धबधबा पाण्याखाली दिसेनासा होतो. पाऊस सरल्यानंतरचे महिने उत्तम. काठावरचे खडक ओले आणि गुळगुळीत असतात. फोटोसाठी कठड्यापलीकडे जाणारी मंडळी आम्हीही पाहिली. कृपा करून जाऊ नका.

रोपवेवर वाचवलेला गुडघा मी चौसष्ट योगिनी मंदिरावर खर्च केला. शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. दर वीस पायऱ्यांनी थांबत गेलो. वर गेल्यावर एक मोठं गोल अंगण आणि त्याच्याभोवती कोनाड्यांची माळ. कलचुरी राजांच्या काळातलं, साधारण दहाव्या शतकाच्या अखेरीचं हे काम. प्रत्येक कोनाड्यात एक देवी आणि बैठकीवर तिचं नाव कोरलेलं. बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी बसण्याची ऐट तशीच आहे.

ह्यांनी कोनाडे मोजले आणि गोंधळले, कारण ते चौसष्टपेक्षा बरेच जास्त भरतात. कारण असं, की योगिनींच्या दोन परंपरा आहेत, चौसष्टांची आणि नऊ गुणिले नऊ म्हणजे एक्याऐंशींची. भेडाघाट हे एक्याऐंशींचं ठिकाण, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते चौसष्टचं. अंगणातल्या देवळात शंकर-पार्वती एकाच नंदीवर बसलेले आहेत. ही मूर्ती दुर्मीळ मानतात. मी ह्यांना म्हटलं, "बघा, दोघं एकाच वाहनावर. म्हणजे वेगही एकच."

दगड पांढरा का आणि दुकानातला दगड कुठला?

मग नौकाविहार. पावसाळ्यात तो बंद असतो, म्हणून महिना बघून जा. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यातही नावा सोडतात. नावाडी यमक जुळवून विनोदी समालोचन करतात. कुठल्या खडकावर कुठल्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, हेही त्यात येतं. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'पासून शाहरुखच्या 'अशोका'पर्यंत.

दोन्ही बाजूंना खडकांच्या उभ्या भिंती, कुठे पांढऱ्या, कुठे गुलाबी, कुठे निळसर-काळ्या. हा मॅग्नेशियमयुक्त, म्हणजे डोलोमाइटी संगमरवर. फार फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साठला, पुढे जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता मिळून त्याचा संगमरवर झाला. त्यात भेगांमधून वितळलेला खडक घुसला, त्याच्या काळपट शिरा झाल्या. नर्मदेनं भेगा हेरून स्वतःला वाट कापली. 'बंदर कूदनी' नावाच्या जागी दोन्ही काठ इतके जवळ येतात की माकड उडी मारून पलीकडे जाईल, असं म्हणतात. भेडाघाट-लम्हेटाघाट हा परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला आहे.

काठावर दुकानांच्या रांगा आहेत. शिवलिंग, हत्ती, दिवे, सगळं 'संगमरवरी' म्हणून मिळतं. इथे एक युक्ती सांगते. वस्तूच्या तळाशी, दुकानदाराला विचारून, नखानं हलकेच ओढा. ओरखडा उठला आणि बोटाला पावडरीसारखं मऊ लागलं, तर तो शंखजिरा, म्हणजे मऊ साबणदगड. संगमरवरावर नखाचा ओरखडा उठत नाही. शंखजिरा वाईट नाही. तो मऊ असतो म्हणूनच त्यात इतकी नाजूक जाळी कोरता येते. फक्त दाम शंखजिऱ्याचा द्या. आम्ही शंखजिऱ्याचा एक दिवा घेतला, माहीत असून.

कमानिया गेट आणि खव्याची जिलेबी

संध्याकाळी कमानिया गेट. ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण आहे. त्रिपुरी म्हणजे आजचं तेवर, भेडाघाटच्या वाटेवरचं गाव आणि कलचुरींची जुनी राजधानी. सुभाषचंद्र बोस गांधीजींच्या पसंतीचे उमेदवार पट्टाभि सीतारामय्या यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून अध्यक्ष झाले, ते याच अधिवेशनाचे. अधिवेशन ५२ वं, म्हणून मिरवणुकीला ५२ हत्ती. सुभाषबाबू मात्र तापानं फणफणलेले, स्ट्रेचरवरून आलेले. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

त्याच कमानीपाशी बडकुल हलवाईंचं दुकान आहे. खव्याची जिलेबी इथे १८८९ मध्ये सुरू झाली असं जबलपूरकर अभिमानानं सांगतात. बऱ्हाणपूरवाले मावा जिलेबीवर आपला हक्क सांगतील, त्या भांडणात मी पडत नाही. ही जिलेबी दिसायला काळपट, जाड आणि मऊ. नेहमीच्या जिलेबीचं पीठ मैद्याचं आणि आंबवलेलं, म्हणून ती कुरकुरीत. हिच्यात खवा आणि त्याला बांधायला तिखुर किंवा आरारूट. खव्यातली दुधाची साखर तळताना लालसर-काळी होते, गुलाबजामची होते तशी. म्हणजे ती करपलेली नाही, परत करू नका. ह्यांचं मत : "हा लांब केलेला गुलाबजाम आहे." तीन खाऊन दिलेलं मत, हेही नोंदवते.

त्याआधी मंगोडे खा. मुगाच्या डाळीची भजी आणि हिरवी चटणी. हिवाळ्यात गेलात तर जबलपूरचा ताजा मटारही मिळतो, तो या जिल्ह्याचा लौकिक आहे.

राणी दुर्गावती आणि आपण

तिसऱ्या दिवशी मदनमहाल. गोंड राजांची ही टेकडीवरची चौकी. आजचा चढ नको, असं मी ठरवलं. हे एकटे वर गेले आणि मी खाली बॅलन्सिंग रॉकपाशी थांबले. एका मोठ्या शिळेवर दुसरी अवाढव्य शिळा जेमतेम टेकलेली. कुणी ठेवलेली नाही. ग्रॅनाइट भेगांमधून झिजत जातो, कोपरे गोल होतात, सुटा भाग वाहून जातो आणि गाभा असा उरतो. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरात घरं पडली, माणसं गेली. ही शिळा जागची हलली नाही.

मग राणी दुर्गावती संग्रहालय. चंदेलांची मुलगी, गोंडांची सून, दलपतशहाच्या मागे लहान मुलाच्या नावानं तिनं गढा-मंडलाचं राज्य सांभाळलं. शहरात राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, दिवाण आधारसिंहाच्या नावाचा आधारताल, ही नावं त्या काळाची म्हणून सांगतात. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. २४ जूनला, जखमी अवस्थेत, पकडलं जाण्याऐवजी तिनं स्वतःच्या हातानं मरण घेतलं.

हे सगळं पाहून हे भारावले होते. परतताना ऑटोवाल्या भाऊंना म्हणाले, "हमारे मराठे भी यहाँ तक आए थे." ते शांतपणे म्हणाले, "हाँ साहब, रानी के घराने का राज आख़िर में आप ही लोगों ने लिया."

हे गप्प झाले. मीही. कारण ते खरं होतं. १७८१ मध्ये गढा-मंडलाचा शेवटचा गोंड राजा पदच्युत झाला, तो पेशव्यांच्या सागरच्या सुभ्याकडून. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ मध्ये त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला. राणीच्या पुतळ्यापुढे हात जोडताना आपण मनातल्या मनात तिच्या बाजूला उभे राहतो. तिच्या घराण्याच्या शेवटच्या पानावर आपलं नाव आहे, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

ऑटोवाल्या भाऊंच्या आवाजात राग नव्हता. जबलपूरला 'संस्कारधानी' म्हणाले ते आपले विनोबा, हेही त्यांनीच पुढे सांगितलं. ह्यांनी त्यांना आमच्याबरोबर इंडियन कॉफी हाउसमध्ये यायचा आग्रह केला. कॉफी बोर्डानं पन्नासच्या दशकात कॉफी हाउसेस बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. त्यातली एक संस्था जबलपूरची. फेट्यातल्या वाढप्यांनी डोसा आणला, तिघांनी कॉफी घेतली. भाऊंनी आम्हाला गोंडांनी बांधलेल्या तळ्यांची गोष्ट सांगितली. टेकड्यांवरचं पाणी त्या तळ्यांत अडायचं. आता त्यातल्या कितीतरी ठिकाणी वस्ती आहे, नावं तेवढी उरली. यादीतली उरलेली ठिकाणं त्या टेबलावरच राहिली. गाडी संध्याकाळची होती.

तर मंडळी, जाणार असाल तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत जा. भेडाघाटला पूर्ण दिवस ठेवा, चढ दिवसाला एकच ठेवा, आणि ज्यांच्या गाडीत बसाल त्यांच्याशी बोला. सतरापैकी आम्ही सातच ठिकाणं पाहिली. हे म्हणतात, उरलेल्या दहांसाठी पुन्हा जाऊ. मी होकार दिलाय, पण यादी या वेळी मी करणार.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.