पगारपत्रक नसलेल्यांचं घरकर्ज

मेसमधून आल्यावर विंगमध्ये ज्या चर्चा रंगतात त्यात एक विषय ठरलेला असतो. नोकरी लागली की किती वर्षांत फ्लॅट? कुणीतरी मोबाईलवर हप्ता काढतो, कुणीतरी पॅकेज दुप्पट धरतो आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे थ्री-बीएचके तयार! पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार येतच नाही. कुणाच्या बाबांचं गॅरेज आहे, कुणाचं किराणा दुकान, कुणाचा टेम्पो. हायवेवर ज्याची वडापावची गाडी आहे तो कदाचित आपल्या पहिल्या पॅकेजपेक्षा जास्त कमावतो. तरी घरकर्ज मागायला गेला तर त्याला चार खेटे जास्त घालावे लागतात. असं का? हे मला माझ्या काकांमुळे कळलं, म्हणून हा लेख.

काकांचं महाडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. दुकान गेलं, दुकानामागची भाड्याची खोली गेली, तांब्याची तार, दुरुस्तीला आलेल्या मोटारी, सगळं चिखलात. उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. त्या आठवड्यात काकांनी ठरवलं, आता भाड्याची खोली नको, उंचावर स्वतःचं घर बांधायचं. २०२२ मध्ये ते एका बँकेत गेले आणि पंधरा दिवसांत नकार घेऊन परत आले.

काका चिडून म्हणाले, "अरे, वीस वर्षं धंदा करतोय मी. अख्खा बाजार ओळखतो मला. आणि हे मलाच विचारतात, कमावता त्याचा पुरावा काय?"

बँकेची बाजू आधी समजून घेऊ. नोकरदार माणूस तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि खात्याचा उतारा देतो. त्याचं उत्पन्न दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे मालकाने, लिहून दिलेलं असतं. धंदेवाल्याचं उत्पन्न लिहिणारा तो स्वतःच. म्हणून बँक त्याच्याकडे साधारण दोन ते तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते, सोबत नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, सहा महिने ते वर्षभराचा खात्याचा उतारा आणि धंदा चालू असल्याचा पुरावा. हा पुरावा म्हणजे दुकानाची शॉप ॲक्टखालची नोंद, जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी, आणि लागू असेल तर जीएसटीची विवरणपत्रं. बँकेला तुमच्या कमाईवर संशय असतोच असं नाही. पण जे लिहिलेलं नाही ते तिला मोजता येत नाही.

काकांनी तोवर एकच रिटर्न भरलं होतं, तेही टेम्पोच्या कर्जासाठी. का? कारण बाजारात एक समजूत पक्की आहे, रिटर्न भरलं की टॅक्स लागतो. म्हणून भरायचंच नाही, आणि भरलंच तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत दाखवायचं. आता गंमत बघा. २०१९-२० या आर्थिक वर्षापासून ५ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या रहिवासी व्यक्तीला सवलतीमुळे आयकर शून्यच पडत आला आहे. म्हणजे साडेतीन लाख कमावणारा माणूस जो कर वाचवायला उत्पन्न लपवतो, तो कर त्याला लागणारच नव्हता!

आणि त्यात नुकसान किती, ते आकड्यांत बघू. समजा एका दुकानदाराचा वर्षाचा खरा नफा ३ लाख ६० हजार आहे आणि त्याने मशीनवर ६० हजार घसारा धरला आहे. घसारा हा कागदावरचा खर्च, खिशातून पैसे जात नाहीत, म्हणून बँका तो बहुधा परत मिळवतात. झाले ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५ हजार. सगळ्या हप्त्यांसाठी बँक यातला साधारण निम्मा भाग मोकळा धरते असं समजू, म्हणजे १७,५००. टेम्पोचा ६,००० चा हप्ता चालू असेल तर उरले ११,५००. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी दर लाखाला हप्ता जवळपास ९०० रुपये पडतो. म्हणजे कर्ज बसतं पावणेतेरा लाखांच्या आसपास.

आता याच माणसाने नफा २ लाख ४० हजार दाखवला असता तर? घसारा धरून महिना २५ हजार, निम्मे १२,५००, टेम्पो वजा जाता ६,५००. कर्ज सव्वासात लाखांच्या आत. साडेपाच लाखांचा फरक! म्हणजे दोन खोल्या कमी झाल्या, आणि वाचवला काय, तर शून्य रुपये कर.

छोट्या धंद्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तिच्यात तपशीलवार हिशेबपुस्तकं न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरता येतो. पण ही खालची मर्यादा आहे. २० लाखांच्या रोख उलाढालीवर ८ टक्के म्हणजे १ लाख ६० हजारच होतात. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. आणि मग एवढ्या कमी उत्पन्नावर बँक कर्ज का देत नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही.

आणखी एक. गरज पडल्यावर मागची रिटर्न्स घाईघाईने एकदम भरून चालत नाही. विवरणपत्रावर भरल्याची तारीख असते आणि बँक ती वाचते.

काकांच्या घरी दुसरी कमाई काकींच्या शिलाईची. त्यावर किराणा चालतो, पण बँकेच्या कागदावर ती रक्कम कुठेच नव्हती. तेही पैसे खात्यात आले असते आणि काकींचंही रिटर्न असतं, तर सहअर्जदार म्हणून त्यांचं उत्पन्न धरलं गेलं असतं. घरात कुणी पगारदार असेल तर तो सहअर्जदार झाल्यानेही अर्जाला बळ येतं.

सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या पुढे असला की बोलणं सोपं होतं. आपल्याकडे मित्राच्या कर्जाला जामीन राहायची पद्धत आहे. सही करताना लक्षात असू द्या, ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसू शकतं. मित्राचे हप्ते थकले की तुमचं घर अडतं.

हे झालं उत्पन्नाचं. आमच्या भागात खरी परीक्षा पुढे असते, ती म्हणजे सातबारा. काकांना घर बांधायचं होतं पोलादपूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित जागेवर. सातबाऱ्यावर अकरा नावं! त्यातली दोन माणसं हयात नाहीत, बाकीची मुंबई, डोंबिवली, सुरतला. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बहुधा मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो, आणि एका हिस्सेदाराची सही नसेल तरी तारण अपुरं ठरतं. काकांनी वर्षभर फिरून सगळ्यांची हक्कसोडपत्रं करून घेतली, दुय्यम निबंधकांकडे नोंदवली, मग फेरफार झाला. आत्याने सही करायच्या आधी एकच अट घातली, गणपतीला यायचं तर मला एक खोली मोकळी ठेव.

जागा शेतीची असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला थकलेल्या कर्जासाठी ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेता येतं. पण शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. म्हणून घरकर्जाला बँकेला बिनशेती जागा किंवा गावठाणातली मिळकत हवी असते. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळकतपत्रिका मिळाली असेल तर ती जपून ठेवा. पुरात मूळ खरेदीखत गेलं असेल तर दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत मिळते. मूळ कागद हरवल्याची पोलिसांत नोंदही करून ठेवावी, बँक विचारते.

काकांनी मध्यंतरी फ्लॅटचाही विचार केला होता. पण २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले, ते कोण विसरेल? ती इमारत जुनी नव्हती. बँक मंजूर नकाशा बघते, भोगवटा प्रमाणपत्र बघते, तिचा व्हॅल्युअर येऊन जातो. पण ही तपासणी बँकेच्या पैशाच्या सुरक्षेसाठी असते. काँक्रीट कसं आहे ते तो ठोकून बघत नाही. 'बँकेने कर्ज दिलं म्हणजे सगळं ठीक' हे डोक्यातून काढून टाका. जागेचंही तसंच. पाण्याला घाबरून डोंगराकडे जायचं तर तिथे दरड आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत, ते बघावेत आणि उताराची जागा जाणकाराला दाखवावी. सिव्हिलवाल्यांनो, हे काम आपलं आहे.

थोडं पैशांबद्दल. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक मिळकतीच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. धंदेवाल्याला बऱ्याचदा त्याहून कमीच मिळतं, म्हणून स्वतःचा वाटा आधी जमवावा. बांधकाम असेल तर रक्कम एकदम येत नाही, जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी येते. मुदत लांबवली की हप्ता हलका होतो पण व्याज वाढतं. वरच्याच दराने एका लाखाचे २० वर्षांत सुमारे २ लाख १६ हजार भरावे लागतात, १५ वर्षांत १ लाख ८३ हजार. मात्र बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही. त्यामुळे धंद्याला बरे दिवस आले की थोडी जास्तीची रक्कम भरत राहावी. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

काकांचं पुढे काय झालं? नकारानंतर ते महाडच्या एका सीएकडे गेले. रोजचा गल्ला खात्यात भरायला लागले. तीन वर्षांची रिटर्न्स वेळेत भरली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा अर्ज केला. त्यात पुराचं वर्षही आलं, नफा जेमतेम. पण तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत काकींनी जपून ठेवली होती, ती जोडली. मागितलं होतं त्यापेक्षा दोन लाख कमी मंजूर झाले. एक खोली मागे पडली, पण २०२५ च्या पावसाच्या आधी स्लॅब पडला.

दिवाळीत घरी जाल तेव्हा एक काम करा. बाबांना विचारा, रिटर्न भरता का, आणि सातबाऱ्यावर किती नावं आहेत? कर्ज आज हवं असो वा नसो, वही आजच उघडावी लागते. काकांच्या दुकानात आता हिशेबाची वही फळीवर सर्वांत वरच्या खणात असते. आणि आत्यासाठी ठेवायची खोली या गणपतीपर्यंत होणार, असं काका म्हणतात.