वाळवंटाच्या काठी जवसाचं तेल

"जर्मनीत कुठलं आलंय वाळवंट?" आईनं विचारलं आणि पोळ्या लाटत राहिली. प्रवासाच्या पोळ्या. तीन दिवसांसाठी अठरा.

आम्हाला बर्लिनमध्ये आता अकरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीआधी बाबा गेले आणि यंदा जुलैत आई पहिल्यांदाच एकटी वर्ध्याहून इकडे आली. तब्येत तशी ठणठणीत, पण जेवण अगदी चिमणीचं. बाहेर जेवायला तर ठाम नकार. बर्लिनमध्ये डोसा मिळतो, थाळी मिळते, पण "तुम्ही जाऊन या, मला नको" हे ठरलेलं उत्तर. बाबांना हॉटेलात जेवायची भारी हौस होती आणि आई आयुष्यभर हॉटेलात गेली ती त्यांच्याबरोबरच. ती बोलून दाखवत नव्हती, पण मला कळत होतं. म्हणून ऑगस्टअखेर तीन दिवसांची सहल ठरवली तेव्हा माझ्या मनात एकच होतं. एकदा तरी आईनं दुसऱ्या कुणी रांधलेलं गरम ताट पोटभर जेवावं.

जागा ठरली श्प्रेवाल्ड. बर्लिनपासून आग्नेयेला सुमारे शंभर किलोमीटर. बर्लिनमधून वाहणारी श्प्रे नदी इथे असंख्य लहान लहान फाट्यांत फुटते. त्या पाण्यावर सपाट तळाच्या लांब होड्या, नावाडी मागे उभा राहून बांबूसारख्या लांब काठीनं होडी ढकलतो. 1991 पासून हा भाग युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांच्या यादीत आहे. गंमत म्हणजे या पाणथळ मुलखापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर जर्मनीतलं सर्वांत मोठं वाळवंट आहे, लीबेरोझे गावाजवळ. बर्लिनकरांचं हे हक्काचं सुट्टीचं ठिकाण. पण तिथे जेवायचं कुठे आणि काय, हे आपल्या मंडळींना कुणी सांगत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी चांगलीच फजिती झाली. सोमवार होता. दुपारी अडीचला गावात पोहोचलो. पहिल्या खानावळीच्या दारावर पाटी : आज सुट्टी. दुसरीकडे खुर्च्या मांडलेल्या, माणसं बिअर पीत बसलेली, पण स्वयंपाकघर दोनला बंद झालेलं. आता साडेपाचनंतर. "माणसं तर बसून राहिली आहेत, मग जेवण काऊन नाही?" आईनं विचारलं. याचं उत्तर अकरा वर्षांत मलाही मिळालेलं नाही. शेवटी धक्क्यावरच्या बाकावर बसून आम्ही आईच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. आईच्या चेहऱ्यावर विजयाचं हसू होतं.

दुसऱ्या दिवशी ल्युबेनाउहून होडीनं लेडे या गावाला गेलो. सगळं गाव छोट्या छोट्या बेटांवर वसलेलं. इथे टपालसुद्धा उन्हाळ्यात होडीनं येतं. नावाड्यानं दंतकथा सांगितली : सैतान बैल जुंपून नदीचं पात्र नांगरत होता, बैल उधळले, वाट्टेल तिकडे धावले, म्हणून नदीला इतके फाटे. मी भाषांतर करून सांगितलं तशी आई म्हणाली, "बैल उधळले म्हणजे उपाशी ठेवले असतील." नावाड्याला ते जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा तो इतका हसला की होडी डुलली.

इथल्या पाट्या दोन भाषांत आहेत. जर्मनच्या खाली सोर्बियन. सोर्बियन ही पोलिश आणि चेकच्या कुळातली इथल्या मूळ लोकांची भाषा. आता बोलणारे थोडे उरलेत, पण ताटात ही संस्कृती अजून टिकून आहे. इथलं जेवण म्हणजे नदीतले मासे, शेतातला बटाटा, काकडीचं लोणचं, तिखट मुळा आणि जवसाचं तेल. गरिबांचंच जेवण ते.

लेडेला दुपारी एका खानावळीत टेबल मिळालं. मी सूप मागवलं, भाज्यांचं म्हणून. चमचा घातला तर तळाशी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. वाढणाऱ्या बाईंचं म्हणणं, "सूप भाज्यांचंच आहे, ते फक्त चवीपुरतं." आईनं काही न बोलता पिशवीतून डबा काढला. बाई लगेच येऊन म्हणाल्या, बाहेरचं खाणं इथे चालत नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं. पण आईनं डबा परत पिशवीत ठेवला आणि "मला भूक नाही" म्हणून पाण्याकडे बघत बसली, ते काही मला बघवेना. नवरा म्हणाला, "उद्या सरळ परत जाऊ या का?" मी म्हटलं, वाळवंट तेवढं बघू.

तिसऱ्या दिवशी लीबेरोझे. हे वाळवंट पावसाअभावी झालेलं नाही. इथे पाऊस पडतो, आसपास पाइनचं जंगल आहे. हिमयुगानं मागे ठेवलेली वाळू इथे मुळातच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वणवा लागून जंगल गेलं आणि नंतर कितीतरी वर्षं सोव्हिएत सैन्याचे रणगाडे इथे सरावाला फिरत राहिले. झाड उगवायला फुरसतच मिळाली नाही. 1990 नंतरच्या काही वर्षांत सैन्य गेलं, रणगाडे गेले, उरली सुमारे पाच चौरस किलोमीटर उघडी वाळू. आता एक निसर्गसंस्था ही जमीन सांभाळते आणि जंगल आपलं आपण कसं परत येतं ते बघते. जमिनीत अजून न फुटलेला दारूगोळा आहे, त्यामुळे खुणेच्या वाटेवरूनच चालायचं. हा नियम गमतीचा नाही, मुलांचा हात सोडू नका. ऑगस्टअखेर कडेला हेदरची जांभळी फुलं येतात, ती बघायला मात्र जरूर जा.

आई वाळूच्या कडेला उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "वाळवंट म्हणजे मला आधी चंद्रभागेचंच आठवतं. तुझे बाबा आणि मी गेलो होतो नं, तू पोटात होतीस तेव्हा." बाबांचा विषय तिनं स्वतःहून काढला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

एक लक्षात ठेवा. वाळवंटात खाण्याची काहीही सोय नाही, पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं. जवळ जेवायचं तर दोन दिशा. दक्षिणेला पाइत्स, पश्चिमेला श्ट्राउपित्स. आम्ही श्ट्राउपित्सला गेलो, कारण तिथली पवनचक्की लेकाला बघायची होती. ही एकोणिसाव्या शतकातली डच पद्धतीची चक्की. एकाच चक्कीत पीठ दळायची, लाकूड कापायची आणि तेल काढायची सोय. दार उघडून आत गेलो आणि आई थांबली. श्वास ओढून घेतला.

"जवस आहे का गं इथे?"

होतं. जवस भरडून, गरम करून, दाबून तेल काढत होते. सोनेरी, कच्च्या दाण्यासारख्या वासाचं तेल. चक्कीवाल्यांनी पावाच्या तुकड्यावर थोडं तेल आणि मीठ घालून चवीला दिलं. आईनं तो तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला. मग तिची गाडी सुरू झाली. तिच्या माहेरी गावात लाकडी घाणा होता, बैल गोल फिरायचा, आजोबा घरचं जवस नेऊन तेल काढून आणायचे. गरम झुणक्यावर ते कच्चं तेल, वर कांदा, शेजारी ज्वारीची भाकरी. लग्नानंतर बाबांना पहिल्यांदा वाढलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं, आणि पुढे तेच दर हिवाळ्यात मागायला लागले. ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

त्या दुपारी जवळच्या गावातल्या एका साध्या खानावळीत आम्ही गेलो. यावेळी बाराच्या आत आणि आधी फोन करून. मी यादी न बघताच सांगितलं, पेलकार्टोफेल्न मिट क्वार्क उंड लाइनओल. म्हणजे सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि जवसाचं तेल. क्वार्क म्हणजे आपला चक्काच. इकडची मराठी घरं श्रीखंडही त्याचंच करतात. ताट आलं : वाफाळते बटाटे, चक्क्याचा डोंगर, मधल्या खळग्यात तेल, बाजूला बारीक चिरलेला कांदा, काकडीचं लोणचं. आईनं बटाटा हातानं सोलला, कुस्करला, तेल ओढलं, आणि जेवली. सगळं ताट. मग म्हणाली, "तिखट असतं थोडं तर बरं झालं असतं." डब्यातला ठेचा मी हळूच पुढे केला. वाढणाऱ्या मावशींनी तो बघितला. मी मनात म्हटलं, झालं आता. त्यांनी बोट लावून चाखला, डोळ्यांत पाणी आलं आणि आतून त्यांचा तिखट मुळा घेऊन आल्या, "आता हा खा" म्हणून. तो जिभेला नाही, नाकाला लागतो, फेसलेल्या मोहरीसारखा. आईला ठसका लागला आणि दोघी हसत सुटल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती.

आता तुमच्यासाठी, आमच्या चुकांवरून शिकलेलं.

वेळ पाळा. सोमवार आणि मंगळवारी बऱ्याच खानावळी बंद असतात. "रूहेटाग" अशी पाटी दिसली तर मागे फिरा. दुपारचं स्वयंपाकघर अनेकदा दोनच्या सुमारास बंद होतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी फोन करून टेबल सांगून ठेवा. नोव्हेंबर ते मार्च पाण्याकाठची बरीच ठिकाणं बंद किंवा अर्धवेळ चालतात. खेड्यात कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा. पाणी फुकट मिळत नाही. टिप टेबलावर ठेवायची नसते, पैसे देतानाच पाच-दहा टक्के मिळवून आकडा सांगायचा.

शाकाहारी असाल तर नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. "ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने फिश" असं म्हणा, म्हणजे मांस नको, डुकराची चरबी नको, मासा नको. परतलेल्या बटाट्यात आणि सूपमध्ये श्पेक असतोच असं धरून चाला. बटाटा-चक्का-जवस हे ताट मात्र जवळजवळ सगळीकडे मिळतं आणि यादीतल्या स्वस्त पदार्थांपैकी असतं. कांदा नको असेल तर आधी सांगा. मुलांसाठी हेफेप्लिन्सन, म्हणजे आंबवलेल्या पिठाची जाडसर धिरडी, वर सफरचंदाचा मुरंबा. काही ठिकाणी तवा चरबीनं पुसतात, तेवढं विचारून घ्या. "टोटे ओमा" म्हणजे "मेलेली आजी" या नावाचा पदार्थ दिसला तर हसा आणि पुढे जा. तो रक्त घालून केलेला सॉसेजचा लगदा असतो.

मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे. हेश्त नावाचा नदीतला मासा साय घातलेल्या पांढऱ्या रश्श्यात मिळतो, काटे सांभाळा. पाइत्सची मोठी तळी कार्प माशासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला तो, शरद ऋतूपासून पुढे त्याचा हंगाम.

ठिकाणं म्हणाल तर ल्युबेनाउजवळचं वोत्शोफ्स्का हे 1894 पासूनचं, झाडीतल्या बेटावरचं. तिथे होडीनं किंवा पुलांवरून चालत जायचं. लेडेमधलं "त्सुम फ्र्योलिशेन हेश्त" पाण्याच्या अगदी कडेला. श्रीमंती थाट हवा असेल तर बुर्ग गावातलं ब्लाइशे, तिथे खिसा मोकळा ठेवा. पण माझं ऐकाल तर वाळवंटाच्या बाजूच्या गावांतली, चार टेबलांची, हातानं लिहिलेली यादी लावलेली खानावळ शोधा. ल्युबेनाउपर्यंत बर्लिनहून रीजनल ट्रेननं तासाभरात जाता येतं. वाळवंटासाठी मात्र गाडी हवी.

येताना धक्क्यावरच्या पिंपातली काकडी घ्या. 1999 पासून "श्प्रेवाल्डची काकडी" या नावाला युरोपीय संरक्षण आहे, आपल्या हापूससारखं. जवसाचं तेल लहान बाटलीतच घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, काही आठवड्यांत संपवा आणि ते तापवू नका.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, वर्ध्यात एक लाकडी घाणा सुरू झालाय, जवस घेऊन जाणार आहे. आणि मग सहज म्हणाल्यासारखं, "परवा शेजारच्या काकूंबरोबर बाहेर जेवून आले. भाजी खारट होती, पण जेवले."

तुमचेही आई-बाबा येणार असतील तर त्यांना एकदा इकडे आणा. फक्त सोमवारी आणू नका.